एका प्लेट भेळेचं डेव्हिएशन

माझा मित्र प्रितम याच्या पत्नीला, म्हणजे निशिगंधावहिनींना, पाचव्या महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चायनीज भेळ खावीशी वाटली. प्रकरण एवढंच आहे. त्याची फाईल मात्र आज तीन इंच जाड झालेली आहे आणि ती माझ्या ताब्यात असल्यामुळे हे निवेदन मीच करणं योग्य ठरेल.

मी नवनाथ. चाकणच्या ज्या कंपनीत प्रितम क्वालिटीला आहे, त्याच कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोल बघतो. आमची कंपनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवते. बिजागरी काय, कुणीही बनवेल. ती नीट बनवली होती हे कागदावर सिद्ध करणं हे खरं काम, आणि ते माझ्याकडे आहे. राहायला आम्ही दोघंही थेरगावात, एकाच इमारतीत. तो तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास शेजारी बसतो. बाप होणार असल्याची बातमी त्यानं मला बसमध्येच दिली आणि मी हात मिळवायच्या आत विचारलं, "ह्याचा कंट्रोल प्लॅन कुठल्या फॉरमॅटमध्ये करायचा राव?"

कंट्रोल प्लॅन म्हणजे माल तयार होत असताना काय तपासायचं, कितीदा तपासायचं आणि कुणी तपासायचं, याचा तक्ता. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. हे नोंदवणं भाग आहे.

चिंचवडच्या डॉक्टर विजयश्री यांनी वहिनींना तपासून जे सांगितलं ते चार ओळींचं होतं. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. डाळ, भाजी, भाकरी, अंडं, दूध, फळं, मूठभर शेंगदाणे. बाहेरचं शक्यतो टाळा. अगदीच जीव गेला तर कधीमधी थोडंसं, डोळ्यांदेखत गरम केलेलं, कच्चं काही नको. आणि आनंदात राहा. प्रितमनं सगळं लिहून घेतलं. शेवटच्या ओळीवर त्याचं पेन थांबलं.

"डॉक्टर, आनंदात म्हणजे किती?"

"म्हणजे?"

"नाही, युनिट काय धरायचं? कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ज्याचं मोजमाप होत नाही त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. त्यामुळे तो मुद्दा तक्त्यातून खोडण्यात आला. खोडल्या जागी प्रितमची सही आणि तारीख आहे.

उरलेल्या तीन ओळींचा चौदा पानी कंट्रोल प्लॅन झाला. तो मंजुरीसाठी फिरवला, आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. मंजुरी देणाऱ्यानं कागदात एक तरी दुरुस्ती करायची असते, नाहीतर त्यानं तो वाचलाच नाही असा समज होतो. प्रितमच्या आई सुमनताई लातूरहून दोन पिशव्या घेऊन नुकत्याच आल्या होत्या. "अंडं उष्ण असतंय," असं म्हणून त्यांनी अंडं काढलं. तळमजल्यावरच्या रश्मीताई गरोदर बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप चालवतात आणि त्यांच्याकडे आहारशास्त्राचं तीन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट आहे. त्यांनी भाकरी, भात, फळं आणि गूळ काढला. प्रितमनं मीठ निम्म्यावर आणलं. माझ्याकडे कागद आला तेव्हा काढण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. मला काही सुचेना, म्हणून मी शेंगदाणे काढले.

शेवटी मुगाचं कढण, उकडलेला दुधी आणि दिवसाला नऊ मखाणे एवढं मंजूर झालं. दूधही राहिलं, कारण ते कुणाच्या नजरेला पडलं नाही.

वहिनी चिंचवडच्या एका शाळेत शिकवतात. रोज सकाळी प्रितम त्यांचा डबा भरायचा, सील करायचा आणि त्याला 'तपासून पास'चा हिरवा टॅग लावायचा. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा. फ्रिजवर एक आलेख होता, त्यावर शंभर टक्क्यांची रेघ अशी सरळ चालली होती की आमच्या कंपनीतही कुठल्या आलेखाला तेवढी शिस्त नाही. वहिनी काही बोलायच्या नाहीत. कमी बोलणारी माणसं ऑडिटला फार सोयीची पडतात.

आणि मग तो मंगळवार आला. मी काही सह्या घ्यायला प्रितमकडे गेलो होतो. वहिनी शाळेतून आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "प्रितम, डांगे चौकातल्या गाडीवरची चायनीज भेळ खावीशी वाटतेय. थोडीशी. गरम."

सुमनताईंच्या हातातली पळी थांबली. प्रितमनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही म्हणत नाही मी," प्रितम म्हणाला. "मी काही जुन्या वळणाचा नवरा नाही. पण एक पद्धत आहे ना, निशी."

पद्धत म्हणजे डेव्हिएशन. ठरलेल्या मापात न बसणारा माल वापरायची वेळ आली, तर त्यासाठी आधी अर्ज करायचा, संबंधितांच्या सह्या घ्यायच्या, मगच माल पुढे सोडायचा. कोरा फॉर्म माझ्या बॅगेत होताच. वहिनींनी तो उभ्या उभ्याच भरला. मालाचं नाव: चायनीज भेळ. प्रमाण: अर्धी प्लेट. कारण: खावीशी वाटली. 'अंतिम ग्राहकावर होणारा परिणाम' असा एक रकाना असतो. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लिहिलं, 'बाहेर आल्यावर विचारून कळवते.'

"हे कारण बरोबर नाही," प्रितम म्हणाला. "खावीशी वाटली हे लक्षण झालं. मूळ कारण शोधावं लागेल."

"शोध," वहिनी म्हणाल्या. "तोवर मी जरा खाली फिरून येते. चालणं बाळाला चांगलं."

त्या पस्तीस मिनिटांनी परत आल्या. प्रितमनं तक्त्यात 'चालणे, ३५ मिनिटं' असं लिहून पुढे हिरवा ठिपका दिला. वहिनींच्या चेहऱ्यावर तरतरी दिसत होती. चालण्याचा परिणाम म्हणून आम्ही तीही नोंदवली.

मूळ कारण शोधायची बैठक रविवारी प्रितमच्या हॉलमध्ये भरली. आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारायची रीत आहे. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं. बैठकीला रिकाम्या तोंडी कसं बसायचं म्हणून सुमनताईंनी बटाटेवडे तळले होते. वासाचा त्रास नको म्हणून वहिनींना आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. सोबत नऊ मखाणे दिले होते.

प्रितमनं पांढऱ्या फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला. भेळ का खावीशी वाटली?

"तोंडाला चव न्हाई तिच्या," सुमनताई म्हणाल्या.

"चव का नाही?"

"हार्मोन्स," रश्मीताई म्हणाल्या. त्यांच्या हातात दुसरा वडा होता.

"हार्मोन्स का बदलले?"

"दिवस गेलेत म्हणून," मी म्हणालो.

प्रितमनं तेही लिहिलं आणि त्याच वेगात चौथा प्रश्न लिहायला घेतला. 'दिवस का' एवढं लिहून त्याचा हात थांबला. सुमनताई वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आमच्या पद्धतीत मूळ कारणापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून केलेले उपाय लिहायचे असतात. फाईलमध्ये त्या जागी 'प्रितम' एवढंच आहे. उपायांचा रकाना अजून कोरा आहे.

मूळ कारण दुरुस्त होण्यासारखं नसल्यामुळे आम्ही पुरवठादाराकडे वळलो. ज्या गाडीवरची भेळ खायची, त्या गाडीचं ऑडिट करणं ओघानंच आलं. डांगे चौकात ज्योतीरामची गाडी आहे. गडी मूळ मावळातला, हात सपाट्यानं चालतो आणि कढईत नूडल्स उडवताना गिऱ्हाइकाशी गप्पाही चालू असतात. प्रितमनं त्याला स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. तो घाबरला. ऑडिटमध्ये हे चांगलं लक्षण मानलं जातं.

"साहेब, आमी काय केलंया?"

"काही नाही. आमच्या घरी गरोदर बाई आहे, त्यांना तुमची भेळ खायचीय. त्याआधी तपासणी आहे."

"मंग तपासायचं काय त्यात? अवो, त्या ताई तर..."

"थांबा," प्रितम म्हणाला. "ऑडिटमध्ये विचारलं तेवढंच सांगायचं असतं."

ज्योतीराम गप्प झाला. असा शिस्तीचा पुरवठादार चाकणला शोधून सापडणार नाही, असं प्रितम परत येताना म्हणाला.

मालाचा भरवसा धरायचा तर कमीत कमी तीस नमुने तपासावे लागतात, हा नियम मी केलेला नाही. पहिले सहा नमुने प्रितमनं आणि मी खाल्ले. चवीचा विषय असल्यामुळे दोन माणसांचं मत पुरेसं धरता येत नाही, म्हणून सातव्यापासून रश्मीताई यायला लागल्या. सुमनताईंचा सुरुवातीला कडक विरोध होता. "असलं लाल लाल काय खायलाव रे तुम्ही?" म्हणाल्या. नंतर, नुसतं बघून सही करणं त्यांच्या मनाला पटेना. दहाव्या नमुन्याला त्या आल्या त्या पदर खोचूनच, आणि तेव्हापासून त्यांनी एकही नमुना चुकवला नाही. मीठ कमी-जास्त होतंय हे त्यांच्याच लक्षात आलं. मग मिठाचा अभ्यास वेगळा करावा लागला. त्याचे नमुने वेगळे.

मधल्या काळात ज्योतीरामनं आमच्या सूचनेवरून टोपी घातली, हातमोजे घातले, तेल बदलल्याची वही ठेवली. एकविसाव्या नमुन्याला त्यानं झारा खाली ठेवला आणि प्रितमच्या शर्टाच्या बटणांकडे बघत विचारलं, "साहेब, रागवू नगा, पण रोज तुमीच येताय. पोटुशी नक्की कोण हाय?"

हा प्रश्न ऑडिटच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे नोंदवला गेला नाही. माझ्या पट्ट्याला मी त्याच आठवड्यात एक नवीन भोक पाडून घेतलं होतं, ते खाजगी कारणानं.

सातव्या महिन्याच्या तपासणीत वहिनींचं वजन जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलेलं निघालं. हिमोग्लोबिन उत्तम. बाळाची वाढ उत्तम. "छान खाताय तुम्ही, असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. प्रितमचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले. त्याच भरात त्यानं डेव्हिएशनचा फॉर्म डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'अहो, खाऊ द्या थोडी.' खाली सही केली. सही रकान्याबाहेर असल्यामुळे मला ती धरता आली नाही.

मग कंपनीच्या गुणवत्ता स्पर्धेत प्रितमनं हा सगळा प्रवास मांडला. चौदा पानी प्लॅन, शंभर टक्क्यांची रेघ, हिमोग्लोबिनचा चढता आकडा. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिलं बक्षीस मिळालं. कामगारांच्या आरोग्याबद्दल कंपनी फार जागरूक असल्यामुळे बक्षीस म्हणून चौघांना पुरेल एवढ्या पिझ्झाचं कूपन दिलं. सह्या करणाऱ्या समितीत आम्ही नेमके चौघं होतो.

डेव्हिएशन मंजूर झालं ते डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी. मंजुरीची मुदत: अर्धी प्लेट किंवा आठ दिवस, यांपैकी जे आधी संपेल ते. प्रितमनं फॉर्मची एक प्रत लॅमिनेट करून आणली, मूळ फॉर्म फाईलमध्ये राहिला.

सोसायटीच्या हॉलमध्ये फुलांचा झोपाळा बांधला होता. होणाऱ्या आईला जे जे खावंसं वाटतं ते पुरवायचं, यासाठी आपल्याकडे हा सोहळा करतात, असं रश्मीताईंनी माईकवरून सांगितलं. त्यानुसार पाहुण्यांसाठी पाणीपुरी, पावभाजी, जिलेबी, गुलाबजाम आणि तीन प्रकारची भजी होती. वहिनींसाठी चांदीच्या ताटात मुगाचं कढण होतं. फोटोत ताट सुंदर आलंय.

मग प्रितमनं टाळी वाजवली. दारातून ज्योतीराम आला. डोक्यावर टोपी, हातात मोजे, हातांवर झाकलेली प्लेट. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. प्रितमनं लॅमिनेट केलेली प्रत वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाला, "निशी, तुझी भेळ. पूर्ण पद्धतीनं."

वहिनींनी झाकण उचललं. वाफ आली. ज्योतीराम पुढे वाकून म्हणाला, "ताई, त्या दिशीसारखीच केलीय बगा. कोबी परतून, सॉस कमी, नूडल्स डोळ्यांम्होरं तळून."

"कुठल्या दिवशी?" प्रितमनं विचारलं.

ज्योतीरामनं जीभ चावली. "तुमीच म्हनला हुता साहेब, इचारलं तेवढंच सांगायचं."

वहिनी झोपाळ्यावर आरामात टेकल्या.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या. "तू मूळ कारण शोधत होतास तेव्हा. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी. अर्धी प्लेट घेतली, तीही संपली नाही. चार घास खाल्ले आणि जीव निवला. त्यानंतर एकदाही आठवण झाली नाही मला भेळेची."

"मग डबा?" प्रितमचा आवाज फार बारीक झाला होता. "डबा रोज रिकामा यायचा."

"शाळेमागं एक गाय असते. पहिले दोन दिवस तिनं खाल्लं, मग तिनंही तोंड फिरवलं, तेव्हापासून खताच्या खड्ड्यात. मी मधल्या सुट्टीत छबूबाईंबरोबर जेवते, आमच्या शाळेतल्या मावशी. भाकरी, पालेभाजी, वरण, रोज एक उकडलेलं अंडं. घरी निघताना शेंगदाणे आणि गुळाचा खडा. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं. मला तोंडपाठ होतं, चारच तर ओळी होत्या."

"आणि बोलली नाहीस? दोन महिने?"

"सुरुवातीला बोलणार होते. भाऊजींनी शेंगदाणे काढले त्या दिवशी तर ताट फेकावंसं वाटलं होतं." मी पाहुण्यांकडे बघू लागलो. "पण मग तुम्ही सगळे नमुने खायला जायला लागलात. रोज संध्याकाळी तास-दीड तास घरात कुणी नाही. कुणी विचारणार नाही, मोजणार नाही, ठिपका देणार नाही. पाय उशीवर घेऊन पडायचे, बाळाशी बोलायचे. एवढं चांगलं तर माहेरीही वाटलं नसतं. तू एक ओळ खोडली होतीस ना प्रितम, आनंदात राहा म्हणून? तेवढी माझी मी पाळत होते."

प्रितम खुर्चीवर बसला. रश्मीताईंनी माईक बंद केला. पहिल्यांदा हसल्या त्या सुमनताई, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"काय बघायलास माझ्याकडं?" त्या प्रितमला म्हणाल्या. "तुझ्या टायमाला मी बी सासूला चोरून भजे खाल्ले व्हते. वर माळवदावर जाऊन. तिनं मला आठ म्हैने कण्या खाऊ घातल्या व्हत्या. तवाच म्हणले व्हते, मी आपल्या सुनेला असं करायची न्हाई." मग त्यांनी सुनेच्या हातातली प्लेट घेतली, तिच्यापुढचं कढण उचललं आणि पाहुण्यांच्या टेबलावरून तिला काय आणू ते विचारलं. दोन महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली, आणि तीही इथे नोंदवतो.

संध्याकाळी प्रितम माझ्याकडे वर आला. "नवनाथ," तो म्हणाला, "आधी खाल्लं आणि मंजुरी नंतर. फाईलचं काय करायचं रे आता?"

या प्रश्नाचं उत्तर मी चाकणला गेली अकरा वर्षं देत आलो आहे. आमच्याकडेही ट्रक आधी सुटतो आणि सह्या मागाहून होतात. मी मंजुरीची तारीख बदलून तो मंगळवार टाकला. वेळ, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं. आता सगळं नियमानुसार झालेलं आहे.

फाईल बंद करण्याआधी एकच बाब राहिली. फॉर्मवर एकूण सहा सह्यांचे रकाने आहेत. प्रितम, सुमनताई, रश्मीताई आणि मी, असे चार भरले. डॉक्टरांचा रिकामा, कारण वर सांगितलेलं आहे. अर्जदार बाईच्या सहीचा रकाना आमच्या फॉरमॅटमध्ये नसतो, त्यामुळे तो शोधू नका. सहावा रकाना 'इतर' असा आहे. तुम्ही इथपर्यंत वाचत आला आहात, तेव्हा पाचव्या महिन्यात तिनं गाडीवरचं खायला हवं होतं की नको, गूळ योग्य की अयोग्य, अंडं उष्ण की थंड, याबद्दल तुमचं मत एव्हाना तयार असणारच. ते तिथे लिहा आणि खाली सही करा. तिच्याशी तुमचं नातं काय, ते लिहायची गरज नाही. आजवर कुणाचंच तपासलेलं नाही.